दुसरा रकाना

जनरल मॅनेजरची खुर्ची आणि विद्याधर आगटे यांच्या मध्ये आता फक्त एक म्हातारा उरला होता.

गोष्ट सत्त्याण्णव सालची. बंगलोरच्या पीण्या भागात पंपांचा एक कारखाना होता, तिथे विद्याधर प्रॉडक्शन मॅनेजर होता. सहा वर्षांपूर्वी तो पुण्याहून आला, हेब्बाळला भाड्याचं घर घेतलं आणि पहिल्या दिवसापासून त्या खुर्चीवर डोळा ठेवून बसला. आता ती रिकामी झाली होती. एम. डी. म्हणाले, "तुम्ही नाहीतर आपला होसूरचा मॅनेजर, दोघांतला एक. पण आधी एक कोच तुमच्याबरोबर काम करतील. त्यांचा रिपोर्ट आला की ठरवू."

"कोच?" सुनंदा भाजी चिरता चिरता थांबली. "अहो, या वयात तुम्हाला कबड्डी शिकवणार की काय?"

"अगं, साहेबानं साहेबासारखं कसं वागावं ते शिकवतात. नवीन खूळ आहे. शास्त्रीय आहे म्हणे."

"शास्त्रीय म्हणजे काय करतात?"

"मोजतात."

"काय मोजतात?"

"ते सोमवारी कळेल," विद्याधर म्हणाला. पण छाती काढूनच म्हणाला. मोजण्याजोगं आपल्यात पुष्कळ आहे, याबद्दल त्याला शंका नव्हती.

सोमवारी डॉ. बी. आर. राव आले. सत्तरीचे, किडकिडीत, कपाळावर गोपीचंदनाची रेघ, खिशात शिसपेन्सिल. मानसशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. शिपायाशी कानडीत बोलले, विद्याधरशी इंग्रजीत. विद्याधरने मनात नोंद करून टाकली : पक्का इथला माणूस.

"मी उपदेश करत नाही," डॉक्टर म्हणाले. "स्वभाव मोजायला माझ्याकडे फूटपट्टी नाही. वागणं मात्र मोजता येतं. पाच दिवस मी कोपऱ्यात बसेन, तुम्ही माणसांशी काय बोलता ते लिहीन आणि शनिवारी आकडे तुमच्यापुढे ठेवीन. मग तुम्ही एकच गोष्ट बदलायची. मोठी नको, एकच. ती केलीत का, ते मी पुन्हा बघीन. त्याचा रकाना वेगळा, तो भरला की रिपोर्ट पूर्ण."

एवढंच? विद्याधरला हसूच आलं. पाच दिवस काय, जावईसुद्धा सासुरवाडीला नीट वागतो!

आणि वागला हो तो! सोमवारच्या मीटिंगमध्ये त्याने तोंडात साखरेचं पोतंच धरलं होतं. फोरमन नागनाथ बोलायला उभा राहिला. पन्नाशीचा, उंच, शांत माणूस. इंग्रजी तोडकंमोडकं, त्यामुळे एकेक शब्द शोधत बोलायचा. विद्याधर मान डोलावत राहिला. "एक्सलंट, नागनाथ! व्हेरी गुड पॉइंट!"

आणि मग क्वालिटीच्या अजितकडे किंचित झुकून, चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून, मराठीत म्हणाला, "याचं दळण काही संपत नाही बुवा. मूळ मुद्दा दोन नंबरच्या लेथचा, तिची बेअरिंग गेलीय, ते या शहाण्याला दिसेल तर शपथ."

"कायले दिसते," नागपूरचा अजित म्हणाला. "ध्यानच आहे ते."

ही त्या दोघांची जुनी सोय होती. कारखान्यात मराठी येणारे आपण दोघेच, हा त्यांचा सहा वर्षांचा ठाम समज. चांगलं काय ते इंग्रजीत सगळ्यांसमोर बोलायचं, आणि खरं काय ते मराठीत, तेही सगळ्यांसमोरच! पोटातली वाफ बाहेर पडायची, कुणाला चटका बसायचा नाही. आता कोच बसले होते म्हणून इंग्रजीत दुप्पट गोड बोलावं लागायचं, आणि त्यामुळे मराठीतही दुप्पट वाफ साठायची. हिशेब सरळ होता.

मंगळवारी कोपऱ्यात बसलेल्या डॉक्टरांकडे बघत तो अजितला म्हणाला, "शेतातलं बुजगावणं आणून बसवलंय. कावळे तरी भितात का याला?" बुधवारी सुनंदाचा फोन आला, तेव्हा डॉक्टर टेबलापलीकडे दोन हातांवर होते. "अगं, आहे ना थेरडा समोरच. झोपत पण नाही मेला! चहा मात्र चार वेळा घेतो." असं म्हणून त्याने डॉक्टरांना आदबीने विचारलं, "वन मोअर टी, सर?" डॉक्टरांनी नम्रपणे नको म्हटलं आणि पेन्सिलीने एक रेघ ओढली.

त्याच दुपारी दोन नंबरच्या लेथची बेअरिंग बदललेली दिसली. विद्याधरने तर कुणाला सांगितलंही नव्हतं! तो डॉक्टरांना हाताला धरून लेथपाशी घेऊन गेला.

"बघितलंत? मला बोलावंही लागत नाही. सहा वर्षं हे असंच चाललंय. माझी माणसं माझं मन ओळखतात. लीडरशिप म्हणतात ती हीच ना, सर?"

"इंटरेस्टिंग," डॉक्टर म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदाच एक आख्खं वाक्य लिहिलं. विद्याधर रात्री सुनंदाला म्हणाला, "खुर्ची आपलीच."

शनिवारी सकाळी केबिनचं दार लावून डॉक्टरांनी वही उघडली. पानावर दोन रकाने होते. पाच-पाच रेघांच्या जुड्या दोन्हीत दाटीवाटीने उभ्या.

"पहिला रकाना कौतुकाचा," डॉक्टर इंग्रजीत म्हणाले. "पाच दिवसांत त्रेसष्ट वेळा. उत्तम."

विद्याधर लाजल्यासारखा हसला. "आणि हा दुसरा?"

डॉक्टरांनी चष्मा पुसला, नीट लावला आणि वाचायला लागले. "सोमवार, साडेदहा. 'याचं दळण काही संपत नाही बुवा.' मंगळवार, सव्वाअकरा. 'शेतातलं बुजगावणं.' हे माझ्याविषयी. बुधवार. 'झोपत पण नाही मेला.' हेही माझ्याविषयीच. दुसऱ्या रकान्यात एकंदर एकाहत्तर."

मराठीत वाचत होते! स्वच्छ, खणखणीत मराठीत.

विद्याधरच्या कानशिलांना आग लागली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणूस म्हणतो. पण केबिनला मोझेइकची फरशी होती, ती काही दुभंगली नाही.

"सर... तुम्ही... राव..."

"भीमाचार्य रघुनंदन राव. घरी मराठीच बोलतो की आम्ही. आमचे पूर्वज शहाजीराजांच्या वेळी इकडे आले म्हणतात. तुम्ही केव्हा आलात? एक्क्याण्णवला नव्हे?" डॉक्टर शांतपणे म्हणाले. "स्वल्प पाणी प्या. मला राग नाही. मी मोजायला आलोय, रागवायला नाही. आणि चहा मी दोनदाच घेतला. तो आकडा तेवढा तुमचा चुकला."

"सर, माझं फार चुकलं. मी तुमचे पाय धरून..."

"माझे पाय नकोत." डॉक्टरांनी वही मिटली. "एकाहत्तरातले माझ्या वाट्याचे नऊच. बाकीचे कुणाचे, ते बघा. आणि त्या लेथची बेअरिंग कशी बदलली गेली, त्याचाही घरी जाऊन विचार करा. मन ओळखणं ही गोष्ट मला पन्नास वर्षांत कुठे मोजता आलेली नाही. सोमवारी भेटू."

विद्याधर आधी अजितकडे धावला. "अरे, नागनाथला मराठी येतं का?"

"नाही बे! काहीतरीच," अजित म्हणाला. मग त्याचाही चेहरा उतरला. "येत असंन तर मेलो ना आपण, भाऊ."

घरी येऊन त्याने सुनंदाला विचारलं, तर ती कणीक मळता मळता म्हणाली, "नागनाथ ना? येतं की. उदगीरची आजी आहे त्याची. मागल्या दिवाळीला मिठाई घेऊन आला होता, तेव्हा अर्धा तास बोलत बसला होता माझ्याशी. 'बऱ्या आहात का अक्का' म्हणाला."

"आणि मी कुठे होतो?"

"आत. फोनवर अजितशी बोलत होता. मोठमोठ्यानं." सुनंदा क्षणभर थांबली. "त्याच्याचबद्दल बोलत होता तुम्ही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तो म्हणाला, 'राहू द्या अक्का, साहेबांना कामाचा ताप असतो.'"

"मग मला सांगायचं नाही?"

"तीनदा सांगायला आले. तुम्ही ऐकून घेता का कुणाचं?"

विद्याधर वेताचा मोडा ओढून बसला. एकेक गोष्ट उलगडत गेली. मन ओळखणं कसलं नि काय! तो मीटिंगमध्ये अजितला शिव्यांत गुंडाळून जे सांगायचा, ते नागनाथ ऐकायचा, शिव्या बाजूला काढायचा आणि उरलेलं काम करून टाकायचा. सहा वर्षं! आणि मग विद्याधरला ती एक गोष्ट आठवली, आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

दोन वर्षांपूर्वी नागनाथचे वडील वारले. तो रजा मागायला आला तेव्हा विद्याधर इंग्रजीत म्हणाला होता, "टेक ॲज मेनी डेज ॲज यू वाँट." आणि तिथेच, तो समोर उभा असताना, अजितला मराठीत म्हणाला होता, "आता पंधरा दिवस सुतकाच्या नावाखाली लोळेल." नागनाथ चौथ्या दिवशी कामावर हजर झाला होता. डोक्याचा गोटा केलेला. विद्याधरने तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं, "याला म्हणतात कमिटमेंट!"

त्या रविवारी त्याला जेवण गेलं नाही.

सोमवारी डॉक्टर म्हणाले, "सरी, ठीक आहे. आता एकच गोष्ट. माफी. पण 'झालं गेलं विसरून जा' असली नको, तिचा काही उपयोग होत नाही. कुठलं वाक्य, केव्हा, कुणाला, ते नेमकं सांगायचं. ज्या भाषेत बोललात त्याच भाषेत, आणि जिथं बोललात तिथंच, चारचौघांत. माझा रिपोर्ट आज बारा वाजता वर जाणार. रकाना रिकामा राहिला तर खुर्ची होसूरला जाईल."

पावणेबाराला विद्याधर मशीन शॉपमध्ये उभा राहिला. लेथवरची माणसं हात थांबवून बघायला लागली. नागनाथ पुढे आला, "यस सर?"

विद्याधरने तोंड उघडलं आणि सवयीने "एक्सलंट" बाहेर पडलं. मग काही सुचेना. त्याच्या लक्षात आलं की नागनाथशी मराठीत तो कधी बोललाच नव्हता, नागनाथबद्दल बोलला होता. मराठीत नागनाथ नेहमी 'हा' होता. त्याला हाक काय मारायची, हेसुद्धा ठाऊक नव्हतं. सहा वर्षांच्या साठ्यात या माणसासाठी मराठीत एक चांगला शब्द सापडेना!

"नागनाथराव," तो शेवटी म्हणाला. "तुमचे वडील गेले, तेव्हा मी... तुम्ही सुतकाच्या नावाखाली लोळाल म्हणालो होतो. तुमच्यासमोर. मला लाज वाटते. माझं चुकलं."

नागनाथचा चेहरा हलला नाही. फक्त डोळे पाणावले. "राहू द्या की साहेब," तो हळू आवाजात मराठीत म्हणाला. "पोरं बघायलेत."

मागून मुनियप्पा नावाच्या जुन्या कारागिराने कानडीत विचारलं, "एन हेळिद्रु?" काय म्हणाले साहेब?

"सांगा त्यांना," विद्याधर म्हणाला. "जसंच्या तसं सांगा. मी बोललो चारचौघांत, तर माफीही चारचौघांत हवी."

नागनाथने घसा साफ केला आणि कानडीत चांगलं मिनिटभर बोलला. माणसांचे चेहरे उजळले. दोघांनी तर विद्याधरला हात जोडले. विद्याधरच्या मनावरचं मणभर ओझं उतरलं. तो दारापाशी उभ्या असलेल्या डॉक्टरांकडे गेला. "झालं, सर. सांगितलं त्यांनी."

"काय सांगितलं माहीत आहे?"

"काय?"

"म्हणाला, 'साहेब सांगतात, गेल्या महिन्यात तुम्ही सगळ्यांनी फार चांगलं काम केलंत. तुमच्यामुळेच साहेबांना मोठी खुर्ची मिळतेय.'" डॉक्टरांनी पेन्सिल वर धरली. "तुमच्या बाजूनं तुम्ही माफी मागितलीत. नियमानं मी रकान्यात खूण करू शकतो. बारा वाजायला चार मिनिटं आहेत. करू?"

विद्याधरने शॉपकडे पाहिलं. त्याच्या शिव्या नागनाथने सहा वर्षं एकट्याने गिळल्या होत्या, कुणाला वासही लागू दिला नव्हता, आणि आज साहेबाची माफीही साहेबाचीच अब्रू राखायला गिळून टाकली होती. विद्याधरला खुर्ची दिसत होती, अगदी हाताला लागेल एवढी. ती हवी होती, नाही कशाला म्हणा?

"करू नका," तो म्हणाला. "'माझंच चुकलं, माफ करा' याला कानडीत काय म्हणतात?"

डॉक्टरांनी सांगितलं. विद्याधर ते दोन-तीनदा पुटपुटला आणि परत फिरला. मधोमध उभा राहून, नागनाथकडे बोट करून, आयुष्यातलं पहिलं कानडी वाक्य बोलला, "नंदे तप्पु. क्षमिसि."

नागनाथने चमकून मान वर केली. या वेळी त्याला मध्ये पडायला जागाच नव्हती. तेवढ्यात बाराचा भोंगा झाला. दारातून डॉक्टर वही काखोटीला मारून वरच्या मजल्याकडे निघालेले दिसले; 'करू नका' म्हटलं होतं, म्हणून रकाना रिकामा तो रिकामाच.

मग मुनियप्पा हात पुसत विद्याधरकडे बघून कानडीत एक लांबलचक वाक्य बोलला. सगळा शॉप खदखदून हसला. अगदी पोट धरून. जेवणाचे डबे काढता काढतासुद्धा माणसं त्याच्याकडे बघून हसत होती.

विद्याधर कसनुसा हसला आणि नागनाथच्या जवळ सरकला. "काय म्हणाला हो तो?"

नागनाथने अगदी सरळ चेहऱ्याने उत्तर दिलं.

"एक्सलंट म्हणाला, साहेब."