चेरी ब्रँडीची नातीगोती

फ्रिजमध्ये चष्मा सापडला आणि तिथून सगळं सुरू झालं.

लोण्याचा डबा, अर्धा कांदा आणि त्या दोघांच्या मध्ये बाबांचा चष्मा. लेकीने तो बाहेर काढून पुसला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बस झालं, बाबा. आई गेल्यापासून तुम्ही बिस्किटांवर जगताय. आता घराला कुलूप लावायचं आणि आमच्याकडे यायचं."

"मी जेवतो ना व्यवस्थित."

"काल काय जेवलात?"

बाबांनी बराच विचार केला. "चहा," ते म्हणाले.

शेवटी रडतखडत तडजोड झाली. रविवारी लेक आणि जावई जेवायला येणार. स्वयंपाक बाबांनी एकट्याने करायचा. जमला तर विषय बंद, पुन्हा कधीही काढायचा नाही. फसला तर त्याच दिवशी बॅग भरायची.

बाबांना घर सोडायचं नव्हतं. त्यांचा उभा जन्म रंगाच्या दुकानात रंग मिसळण्यात गेला होता. या घराच्या भिंतींवरचा एकूण एक रंग त्यांनी स्वतः मिसळला होता आणि एकूण एक रंग बायकोने आधी नापसंत केला होता. अशी घरं माणसाला पुन्हा मिळत नाहीत.

त्यांनी ठरवलं, करायचं तर बायको करायची तेच. भाजलेली कोंबडी, तिच्यावर चेरी ब्रँडीचा सॉस आणि शेवटी चेरी ब्रँडी घातलेलं चॉकलेट पुडिंग. बाबांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता, पण या पुडिंगला त्यांची हरकत नसे. दोन वाट्या खाल्ल्या की ते बाल्कनीत जाऊन मोठ्याने गायचे. मग बायको आतून म्हणायची, "पुरे आता, चढलीय तुम्हाला."

ब्रँडीबरोबर काय घालायचं, तेही त्यांना पाठ होतं. बायको चमचा हलवत सांगायची, "चेरी ब्रँडी म्हणजे नवी सून समजा. चॉकलेट तिचा नवरा, त्याच्याशिवाय तिचं पान हलत नाही. बदाम हा गरीब दीर, कुठेही बसवा. संत्र्याची साल नणंद. थोडी असली की घरात मजा, जास्त झाली की कडू. आणि दालचिनी ही सासू. तिचा नुसता वास यावा, ती दातांखाली येऊ नये."

नाती पाठ होती. प्रमाण मात्र बायको सोबत घेऊन गेली होती.

रविवारी सकाळी बाबांनी पिठाच्या डब्यामागून बाटली काढली. बाटलीवरून मुंग्यांची एक रांग चालली होती. "प्यायल्या असूनही सरळ चालतायत," बाबा कौतुकाने म्हणाले आणि रांग झटकून कामाला लागले.

कामाची पद्धत त्यांना एकच ठाऊक होती, दुकानातली. नवा नमुना कधी एकटा बघायचा नाही. आधीच्या सगळ्या नमुन्यांशेजारी ठेवून, पहिल्यापासून बघायचा. त्यांनी ओट्यावर बशा मांडल्या. पहिल्या बशीत ब्रँडी आणि चॉकलेट. चाखलं, छान. दुसरीत ब्रँडी, चॉकलेट आणि बदाम. चाखलं, मग नियमाप्रमाणे पहिली बशी पुन्हा चाखली. तिसरीत नणंद आली. ती चाखल्यावर पहिली आणि दुसरी आलीच. दालचिनीपर्यंत पोचता पोचता बशा वाढल्या आणि ओटा किंचित झोके घेऊ लागला.

"स्थिर राहा," बाबा ओट्याला म्हणाले.

आता त्यांना फार आनंद होत होता. कोंबडी मसाला लावून ट्रेमध्ये पहुडली होती. तिच्याकडे बघून त्यांनी एक कडवं म्हटलं. पुडिंग मात्र त्यांनी नीट घोटलं, साच्यात ओतलं आणि फ्रिजमध्ये ठेवलं. ठेवताना आठवण झाली म्हणून डोळ्यांवरचा चष्मा चाचपून पाहिला.

तेवढ्यात बेल वाजली. दारात त्यांची थोरली बहीण उभी होती. भावाची परीक्षा आहे हे कळल्यामुळे ती आधीच पाहणीला आली होती.

"डोळे असे का झालेत रे तुझे?" तिने दारातच विचारलं.

"ताई, सून आणि नणंद यांचं पटत नाहीये. तू ये आत."

ताई आत आली. बाटली पाहून तिने नाकाला रुमाल लावला. "शी! या वयात? मी या घरात पाणीसुद्धा घेणार नाही."

"पाणी नको. फक्त दालचिनी बघ. सासू कमी पडलीय की जास्त?"

ताई स्वतः सासू होती. सासू कमी पडलीय का, या प्रश्नाला नाही म्हणणं तिच्याच्याने होईना. तिने करंगळीचं टोक बशीत बुडवून जिभेला लावलं. "कमी आहे. सासूला काही मानच नाही तुमच्याकडे!" तिने सॉसच्या पातेल्यात दालचिनीचा तुकडा टाकला आणि पुन्हा चाखलं.

"असं नाही चालत, ताई. पहिल्या बशीपासून चाखायचं. नियम आहे."

"नियम म्हणजे नियम," ताई म्हणाली आणि पहिल्या बशीकडे वळली.

लेक आणि जावई आले तेव्हा दार उघडंच होतं. आत्या ओट्यावर बसून पाय हलवत होती आणि ट्रेमधल्या कोंबडीला विचारत होती, "अगं, अशी उघडीच काय निजलीस? सर्दी होईल ना!" बाबा ओव्हनसमोर मांडी घालून गात होते आणि त्याच्या काचेत स्वतःला दाद देत होते. ओव्हन बंद होता.

"बाबा!" लेक ओरडली. "तुम्ही प्यायलात?"

"प्यायलो नाही गं, चाखलं."

"आणि आत्या तू पण?"

"मी फक्त सासूची बाजू घेतली," आत्या म्हणाली आणि स्वतःच्याच बोलण्यावर इतकी हसली, की जावयाला धावत जाऊन तिला धरावं लागलं.

लेकीने कच्च्या कोंबडीकडे पाहिलं. मग ती आत गेली. कपाटाची दारं आपटल्याचा आवाज आला. ती परतली तेव्हा तिच्या हातात भरलेली बॅग होती.

"ठरलं होतं तसं. चला."

बाबांचं गाणं थांबलं. ते हळूच उठले, भिंतीला हात लावला आणि म्हणाले, "हा पिवळा तुझ्या आईला शेवटपर्यंत आवडला नाही." मग चपला शोधायला गेले.

इकडे जावयाने, नेमकं झालंय तरी काय म्हणून, एका बशीत बोट बुडवून चाटलं. त्याच्या कपाळावर आठी पडली. त्याने दुसरी बशी चाटली. मग बाटली उचलून वास घेतला, तळहातावर थेंब घेतला, तोही चाटला आणि बाटली हळूच खाली ठेवली.

त्याची पंचाईत मोठी होती. बोलावं तर मरण. न बोलावं तर सासरे आज संध्याकाळीच त्याच्या छोट्या खोलीत राहायला येणार. तीच खोली, जिथे दार लावून तो 'ऑफिसचं काम' करायचा. बाबा चपला घालून दारात उभे राहिले. जावयाने एकदा बॅगेकडे पाहिलं, एकदा बायकोकडे.

"यात ब्रँडी नाहीये," तो म्हणाला.

"काय?"

"एक थेंबसुद्धा नाही. हे चेरीचं सरबत आहे. साखरेचा पाक."

आत्याचे हलणारे पाय थांबले. बाबांनी ओट्याकडे पाहिलं. ओटा जागच्या जागी होता.

लेक मात्र सावकाश नवऱ्याकडे वळली. "तुला कसं कळलं?"

"वासावरून."

"तू तर ऑफिसच्या पार्टीत संत्र्याचा रस पितोस ना?"

जावयाने छताचा रंग निरखायला सुरुवात केली.

"थांब," लेक एकदम म्हणाली. तिने बाटली हातात घेतली. बाटली चिकट होती आणि मुंग्या परत आल्या होत्या. "आई दर हंगामात चेरी उकळायची. मी विचारलं की म्हणायची, तुझ्या बाबांची ब्रँडी करतेय. मला लहानपणी वाटायचं, ब्रँडी अशीच करतात. मोठी झाल्यावर मी ते पार विसरूनच गेले."

आत्या कडक आवाजात म्हणाली, "मला या ओट्यावर कोणी बसवलं? उतरवा आधी!"

जावयाने तिला उतरवलं. बाबा अजून हिशेब लावत होते. "म्हणजे मी बाल्कनीत जे गायचो..."

"शुद्धीत गायचात, बाबा."

"सगळी कडवी?"

"सगळी. खालचे शेजारी खिडक्या लावून घ्यायचे तेव्हासुद्धा."

आणि लेकीला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून. शेवटी ती बॅगेवरच बसली आणि डोळे पुसत हसत राहिली. आई गेल्यापासून बाबांनी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. आपल्याला इतकी वर्षं बनवलं गेलं याचा राग यायला हवा होता, पण तेही हसायला लागले.

कोंबडी ओव्हनमध्ये गेली. ती भाजेपर्यंत भूक कोण धरून ठेवणार, म्हणून पुडिंग आधी निघालं. लेकीने पहिला चमचा तोंडात घातला. दुसरा घातला. "नणंद जरा जास्त झालीय," ती म्हणाली, "पण आईचंच आहे."

"मग बॅग?" बाबांनी घाबरत विचारलं.

"विषय बंद."

बाबा बॅग उचलून आत न्यायला निघाले.

"राहू द्या ती तिथेच, बाबा," लेक नवऱ्याकडे बघत म्हणाली. "तुमचे कपडे काढून घ्या फक्त. आज दुसऱ्या कोणालातरी लागेलसं वाटतंय."

जावयाने वाटीत मान घातली. बाबा त्याच्याकडे सरकून हळूच म्हणाले, "घाबरू नका. आतली खोली रिकामी आहे. बदाम कुठेही बसतो."

मग त्यांनी दुसरी वाटी संपवली, बाल्कनीत गेले आणि मोठ्याने गायला लागले. खालच्या मजल्यावर एक खिडकी लागली.

"पुरे आता," लेक आतून ओरडली, "चढलीय तुम्हाला!"

बोलून झाल्यावर आपण काय बोललो हे तिच्या लक्षात आलं. आत्याने चमचा खाली ठेवला. बाल्कनीतलं गाणं क्षणभर थांबलं.

"चढू दे," बाबा म्हणाले आणि पहिल्यापासून सुरू केलं.