बांध फुटण्याचं देखणं पोस्टर

एका जंगलात, मुलांनो, वर्तमानकाळ कोणालाच आवडेनासा झाला होता.

त्याचं असं झालं. त्या जंगलातल्या घाटात रद्दीचा एक ट्रक कलंडला. ड्रायव्हर उठला, त्याने कपडे झटकले आणि तो चालत निघून गेला. रद्दी तिथेच राहिली.

ती साधीसुधी रद्दी नव्हती. तुमच्या आजोबांच्या तरुणपणातली सिनेमाची पोस्टरं होती. थिएटरबाहेर विकायचे त्या गाण्यांच्या चोपड्या होत्या. साबणाच्या, केशतेलाच्या, शक्तिवर्धक गोळ्यांच्या जाहिराती होत्या. काडेपेट्यांवरची रंगीत लेबलं होती. बाराही महिने एकच बाई हसते आहे अशी कॅलेंडरं होती.

प्राण्यांनी ती रद्दी उलगडली आणि जंगल वेडं झालं.

रानडुकराने कोळशाने ओठावर बारीक मिशी काढली. हरिणी चालता चालता थांबून खांद्यावरून मागे पाहू लागल्या. मागे वाघ आहे का हे बघायला नव्हे. तसं पाहिलं की मान लांब दिसते म्हणून. त्यांना बोल लावण्यातही अर्थ नव्हता, कारण वाघ स्वतः सागाच्या झाडाला टेकून, एक पंजा कपाळावर ठेवून, दिवसभर दुःखी उभा असायचा.

दोन ससे भेटले की आता नमस्कार करत नसत.

"आपल्या तजेलदार कांतीचे रहस्य काय?" एक विचारायचा.

"अहो, त्यात रहस्य कसले!" दुसरा लाजून म्हणायचा.

या सगळ्यांचे पुढारी होते नानासाहेब अस्वल. टेकडीवरच्या त्यांच्या गुहेत पोस्टरांच्या गुंडाळ्या छतापर्यंत रचलेल्या होत्या. ते एक गुंडाळी उघडायचे, नाक खुपसायचे आणि डोळे मिटून म्हणायचे, "शाईचा वास बघा. आता असा वास राहिला नाही."

आणि सगळे प्राणी एकामागून एक वास घ्यायचे आणि उसासे सोडायचे. त्यांच्यातल्या एकाचाही जन्म त्या काळातला नव्हता.

याच जंगलात एक टिटवी होती. तिला मात्र वर्तमानकाळाशिवाय इलाज नव्हता. तळ्याच्या मातीच्या बांधाखाली, सपाट खडकाळ जागेवर, तिने चार अंडी घातली होती. टिटव्या घरटं बांधत नाहीत, हे तुम्हाला माहीत असेलच. उघड्यावर अंडी घालायची आणि कोणी जवळ आलं की ओरडायचं, एवढाच त्यांचा संसार.

एक दिवस टिटवीला बांधाला घाम आलेला दिसला. दुसऱ्या दिवशी तिथून पाणी पाझरत होतं. तिसऱ्या दिवशी तिची चोच आत जाईल एवढी भेग पडली होती.

टिटवी ओरडली. पण टिटवी ओरडतेच, असं म्हणून सगळ्यांनी कूस बदलली.

मग तिने सूचना लिहिली. पळसाचं मोठं पान घेतलं, त्यावर साध्या, सरळ अक्षरांत लिहिलं: 'बांधाला भेग पडली आहे. सर्वांनी माती टाकायला यावे.' पान वडाला चिकटवलं आणि बाजूला उभी राहिली.

कोल्हीण मंजुळाबाई आल्या. केसांचा उंच फुगा काढलेला, डोळ्याच्या कडेला काजळाची शेपटी. त्यांनी मान तिरकी करून सूचना पाहिली.

"अक्षरात काही बाजच नाही गं."

"वाचलंत का पण?" टिटवीने विचारलं.

"वाचायचं काय त्यात? पान तर आजचंच दिसतंय."

थोड्या वेळाने नानासाहेब आले आणि त्यांनी त्या पानावर केशतेलाची एक जाहिरात चिकटवली. जागा मोक्याची होती.

टिटवीचं डोकं फिरलं. ती तडक त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"नानासाहेब, बांध फुटणार आहे!"

"असेल, असेल. पण बाळ, बांध असावेत तर जुने. काय भक्कमपणा! काय बाक!"

"अहो, हा जुनाच आहे! म्हणून तर भेग पडलीय!"

"जुना आहे?" नानासाहेब एकदम गंभीर झाले. "मग त्याला कोणी हात लावायचा नाही. मूळ स्वरूपात राहिला पाहिजे."

टिटवी तळ्याकाठी येऊन बसली. तिला रडू येत होतं, पण त्याहून जास्त राग येत होता. पाण्यातून कासवआजोबांनी डोकं वर काढलं. सबंध जंगलात तो जुना काळ प्रत्यक्ष पाहिलेले ते एकटेच होते, आणि त्यांना त्याबद्दल कोणी कधी विचारलं नव्हतं.

"आजोबा, ही पोस्टरं नवी होती तेव्हा काय करायचात तुम्ही त्यांचं?"

"पाऊस आला की डोक्यावर धरायचो."

"आणि तेव्हा तरी सगळे खूश होते ना?"

"छे गं. तेव्हा सगळे म्हणायचे, पूर्वीची मजा राहिली नाही." आजोबांनी एक बुडबुडा सोडला. "अगं टिटवे, तू बोलतेस ते खरं आहे. पण तू आजच्या तारखेचं बोलतेस. ते कोण ऐकणार?"

टिटवीने घाटातल्या रद्दीकडे पाहिलं. मग उठली आणि कामाला लागली.

तिने घाटातून एक मोठा पाठकोरा कागद ओढून आणला. पळसाच्या सुकलेल्या फुलांचा केशरी रंग काढला, जांभळांचा जांभळा, पाल्याचा हिरवा. कोळसा होताच. आणि तिने पोस्टर रंगवायला घेतलं.

मधोमध बांध. त्यातून वरपासून खालपर्यंत विजेसारखी गेलेली भेग. डाव्या बाजूला तोंडावर हात घेतलेली हरिणी, एक गाल हिरवा, एक गाल तांबडा. वरच्या कोपऱ्यात हत्तीचा भला थोरला चेहरा आणि त्याच्या डोळ्यात एकच अश्रू. अक्षरं तिरकी, धावत आल्यासारखी, प्रत्येक अक्षरामागे काळी सावली.

खरं सांगायचं तर, मुलांनो, तिला मजा आली. हत्तीचा अश्रू चमकावा म्हणून त्यात तिने पांढरा ठिपका दिला, दोन पावलं मागे सरकून पाहिलं आणि तेवढ्यापुरती भेग विसरून गेली. या जुन्या कागदांत काहीतरी होतं. ज्याने कोणी ते रंगवले होते, त्याला रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाने थांबावं असं मनापासून वाटत होतं. टिटवीलाही तेच वाटत होतं.

पोस्टर असं झालं:

*फुटणार! फुटणार!! फुटणार!!!*
*तळ्याचा बांध*
*उद्या सकाळी सर्वांनी बांधावर सहकुटुंब या!*
*माती घेऊन या!*

पोस्टर वडावर लागलं आणि तासाभरात तिथे पाय ठेवायला जागा उरली नाही.

"अस्सल आहे," नानासाहेब म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता. "हा हिरवा गाल पाहिलात? असा हिरवा गाल आता कोणाला जमत नाही."

"आणि तो अश्रू!" मंजुळाबाई म्हणाल्या. "मी तर उद्या जाणारच."

"आम्हीपण!" ससे ओरडले.

टिटवीच्या डोळ्यांत पाणी आलं. उद्या सगळे येणार. हत्ती सोंडेने माती लोटतील, रानडुकरं उकरतील, दुपारपर्यंत भेग बुजेल. ती अंड्यांवर जाऊन बसली. आतल्या पिल्लांची टकटक आता पोटाला जाणवत होती.

सकाळ झाली. सगळं जंगल आलं.

सगळे आले, पण कसे! रानडुकरांनी केसांचे कोंबडे काढले होते. हरिणींनी कानामागे मोठी फुलं खोवली होती. माकडं भाजलेले शेंगदाणे घेऊन आली होती. हत्ती सहकुटुंब बांधाच्या माथ्यावर जाऊन बसले, कारण ती बाल्कनी होती. बाकीचे बांधाच्या पायथ्याशी, भेगेच्या अगदी समोर, रांगा करून बसले.

"माती कुठाय?" टिटवीने विचारलं.

"कसली माती?"

"पोस्टरवर लिहिलं होतं ना, माती घेऊन या!"

मंजुळाबाई हसल्या. "अगं वेडे, जाहिरातीत लिहिलेलं कोणी खरंच करतं का? तेल लावून कोणाचे केस गुडघ्यापर्यंत आलेत आजवर?"

तेवढ्यात बाल्कनीत हत्तीच्या पोराने बूड हलवलं आणि भेग करकरली. पाण्याची एक चिळकांडी थेट पहिल्या रांगेवर उडाली.

पहिल्या रांगेने टाळ्या वाजवल्या.

एवढं सगळं जंगल मरणाच्या तोंडाशी मांडी घालून बसलं होतं, आणि त्यांना तिथे बोलावलं होतं टिटवीने. तिच्याच हिरव्या गालाने. तिच्याच त्या पांढऱ्या ठिपक्याने.

"पळा!" ती जिवाच्या आकांताने ओरडली. "पळा! पाणी आलं! पळा!"

"वा! काय पार्श्वसंगीत आहे!" नानासाहेब म्हणाले.

"शू! बसा खाली!" मागून कोणीतरी ओरडलं. "पुढचं दिसत नाही!"

ती एकेकाच्या डोक्यावरून घिरट्या घालत ओरडली. माकडाने तिच्याकडे एक शेंगदाणा फेकला. खरं बोलून काही होणार नव्हतं. ते करून झालं होतं.

मग टिटवीने सालीचा एक तुकडा उचलला. कोळशाने त्यावर भराभर लिहिलं, तिरकी अक्षरं, मागे काळी सावली. आणि तो तुकडा बांधाच्या तोंडाशी, सगळ्यांना दिसेल असा रोवला.

*हाऊसफुल्ल!*
*ज्यादा खेळ टेकडीवर. फक्त निवडक रसिकांसाठी.*

सगळ्यांच्या माना त्या तुकड्याकडे वळल्या.

"निवडक म्हणजे आपणच की," मंजुळाबाई म्हणाल्या आणि उठल्या.

"एक मिनिट, निवडक आम्ही!" रानडुकरं उठली.

मग जी पळापळ झाली, ती वणव्यातही झाली नव्हती. निवडक हत्ती, निवडक ससे, निवडक माकडं, सगळं जंगल एकमेकांना ढकलत टेकडीकडे धावत सुटलं.

सर्वांत शेवटी नानासाहेब निघाले. वाटेत वडावरून ते पोस्टर अलगद सोडवण्यासाठी ते थांबले होते. टिटवी त्यांच्या पायांत आली.

"नानासाहेब, माझी अंडी! तुमच्या पंजात चारही मावतील. मला उचलता येत नाहीत हो!"

नानासाहेबांनी खाली पाहिलं. त्यांना खरोखरच वाईट वाटलं.

"दोन्ही हात गुंतलेत गं, बाळ," ते म्हणाले. "दुमडलं तर घडी पडेल."

आणि ते पोस्टर छातीशी धरून टेकडी चढू लागले.

टिटवी अंड्यांकडे परतली. तिने एक अंडं चोचीने ढकलून पाहिलं. ते वीतभर घरंगळलं आणि दगडाला अडलं. मग ती चारही अंड्यांवर पंख पसरून बसली आणि बांधाकडे पाहून ओरडत राहिली. कोणी जवळ आलं की टिटव्या ओरडतात. पाणी जवळ येत होतं.

बांध फुटला.

टेकडीवरून ते दृश्य फार सुंदर दिसलं म्हणतात. प्राणी उभे राहून टाळ्या वाजवत होते. "वन्स मोअर!" माकडं ओरडली. एका सशाची फक्त एवढीच तक्रार होती, की हे कृष्णधवल असतं तर जास्त परिणाम झाला असता.

लाटेने टिटवीला उडवून दिलं म्हणून ती वाचली. पाणी ओसरल्यावर ती खाली उतरली. जागा सापडली. खडकही तिथेच होता, धुऊन स्वच्छ झालेला.

चिखलातून कासवआजोबा सरपटत आले. ते तिच्या शेजारी थांबले.

संध्याकाळी नानासाहेबही खाली आले. त्यांनी घसा साफ केला.

"फार वाईट झालं. पण काय गं, आता नवीन काढते आहेस का काही? दुसऱ्या कशाचं? काहीही फुटलं तरी चालेल."

टिटवीने त्यांच्याकडे पाहिलं. तिला खूप बोलायचं होतं. पण ती ज्या तारखेचं बोलणार होती, ती आजचीच होती.

नानासाहेबांनी ते पोस्टर गुहेत सर्वांत मानाच्या जागी लावलं. लांबलांबच्या जंगलांतून प्राणी आपल्या पिल्लांना घेऊन ते बघायला येऊ लागले. मंजुळाबाई हातात काठी घेऊन माहिती सांगायच्या.

"आणि खाली ही बारीक अक्षरं पाहा, बाळांनो. 'माती घेऊन या.' काय साधेपणा होता त्या लोकांत!"

"हे कोणी काढलंय?" एका पिल्लाने विचारलं.

मंजुळाबाईंनी खालची पाटी वाचून दाखवली. त्यावर सुंदर वळणदार अक्षरांत लिहिलं होतं: 'चित्रकार अज्ञात.'

गुहेबाहेरच्या दगडावर एक टिटवी बसलेली होती. तिला तिथून हाकलण्यात आलं, कारण ती सारखी ओरडून लोकांचा रसभंग करत होती.

तात्पर्य: धोक्याची सूचना कधीही वेळेवर देऊ नये. ती आधी चांगली जुनी होऊ द्यावी, म्हणजे तिच्यापुढे रांगा लागतात. अक्षर मात्र बरं काढावं. वाचणारे नसले, तरी पाहणारे पुष्कळ असतात.