नामदेवकाकांचं बोंड

दहावीचा निकाल लागला की दिग्रसच्या आमच्या गल्लीतली पोरं कॉलेजात जायच्या आधी नामदेवकाकांच्या ओट्यावर जातात. काका पोराच्या हातात कापसाचं एक वाळकं बोंड ठेवतात आणि फोडायला लावतात. मग अकरावीला गणित घ्यायचं की बायोलॉजी, ते सांगतात.

काकांचं उभं आयुष्य जिनिंग मिलमध्ये कापसाची प्रत ठरवण्यात गेलं. चिमटीत धागा ओढून ते त्याची लांबी सांगत. रिटायर झाल्यावर तीच नजर लेकरांवर वळली. सरक्या मोजत बसला तो इंजिनीअर, अळी शोधू लागला तो डॉक्टर. एकानं बोंड शेजाऱ्यांच्या म्हशीला चारलं, त्याला कॉमर्स. का, हे विचारायची सोय नाही. "बोंड खोटं नाही बोलत," एवढंच उत्तर. आईबापांनी मात्र फाटकाबाहेर थांबायचं. "तुमची सावली पडली का बोंड बिघडते."

माझी ऋचा डॉक्टर होणार, हे मी ती पाचवीत असतानाच ठरवलं होतं. नीटच्या क्लासची चौकशीही झाली होती. त्यामुळे फाटकाबाहेर मी अगदी निवांत उभा होतो. काका आले आणि म्हणाले, "गणित. बायोलॉजी सोडा."

मी हुज्जत घातली, आठवडाभर काकांशी बोललो नाही. पण बोंडाचा शब्द गल्लीत आजवर कुणी मोडला नव्हता, आणि पहिला मान घ्यायची माझी छाती नव्हती.

दोन वर्षं गेली आणि यंदा सीईटीत ऋचानं बाजी मारली. सरकारी इंजिनीअरिंग कॉलेज मिळालं. काकांनी स्वतः डफडं बोलावलं, गल्लीभर पेढे वाटले. मीही येईल त्याला बोंडाचा महिमा सांगत सुटलो. ऋचाला हसू आवरेना.

"बाबा, बोंड कायचं घेऊन बसले? आपण फोडत असतो तवा नामदेवआजोबा हळूच इचारतात, तुले काय शिकाचं आहे? मी गणित म्हटलं. मंग बोंडही गणितच म्हणालं."

मी काकांना कोपऱ्यात गाठलं. ते जराही ओशाळले नाहीत.

"आईबाप बोंडाचं आयकतात, लेकराचं नाही आयकत." मग थांबून म्हणाले, "माह्या पोराले मी इचारलंच नव्हतं. डॉक्टर केलं त्याले. आता घरी पाहुण्यासारखा येते."

तेवढ्यात ऋचानं त्यांचा हात धरून त्यांना डफड्यापुढं ओढलं. काका नाचले, डोळे पुसायलाही न थांबता नाचले. मग मीही गेलो.