वलख गो बाय

आमचे जनाभाऊ दुसऱ्याच्या गाडीत बसताना चपला बाहेर काढतात. वडखळच्या नाक्यावर, भर धुरळ्यात, हा माणूस अनवाणी आत शिरतो, स्टिअरिंगखाली लॅपटॉपची वायर जोडतो आणि गाडीला म्हणतो, "वलख गो बाय, आपलीच हाय."

धंदा गाडीच्या चाव्या करण्याचा. पण हल्ली चावी नुसती कापून भागत नाही. तिच्या पोटात तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते. ती गाडीला ओळखीची वाटली नाही, तर इंजिन ढिम्म हलत नाही. ही ओळख करून देतात जनाभाऊ. स्क्रीनवर आकडे धावू लागले की मी शेजारचं माझं पापडाचं दुकान टाकून बघत उभा राहतो. समोरचा लाल दिवा लुकलुकायचा थांबतो, इंजिन गुरगुरतं आणि दरवेळी माझ्या अंगावर काटा येतो. काय जादू आहे हो!

पण गिऱ्हाइकाला छळावं तर जनाभाऊंनीच. नवी चावी भरताना बऱ्याच गाड्यांत जुन्या पुसल्या जातात. समोर असतील तेवढ्याच परत भरता येतात. म्हणून पहिला सवाल, "घरच्या सगल्या हजर हायत?" माझ्या गाडीची चावी हरवली, तेव्हा दुसरी बायकोच्या पर्समध्ये आणि बायको रोह्याला माहेरी. "राहू दे हो तिची," म्हटलं, तर यांनी लॅपटॉपच मिटला.

"गैरहजर राहील तिला गाडी इसरते. मग वयनींनी काय करायचा?"

गेलो मुकाट्यानं एसटीनं रोह्याला.

एवढा उस्ताद, पण त्यांच्या स्वतःच्या चावीतली चिप मरायला टेकलेली. फिरवा, काढा, पुसा, परत फिरवा. परवा शेजारच्या गडब गावात कुणाची तरी गाडी अडून बसली होती आणि हे इथे घामाघूम. मी वैतागलो. "जनाभाऊ, जगाच्या चाव्या करता, स्वतःची एक करा की!"

ते चावी शर्टाला पुसत राहिले. "दुसरी सुमनजवल हाय."

सुमन ही त्यांची एकुलती लेक. तिनं मनासारखं लग्न केलं, तेव्हा भाऊंनीच तिला दार बंद केलं. चावी तिच्याकडेच राहिली. तेव्हापासून बापलेकीत बोलणं नाही.

"मग मागून घ्या."

"कंच्या तोंडानी?" ते म्हणाले. "नवी भरली तर तिची पुसून जाईल. घरात मी तिला नाय म्हटला. गाडीनी तरी वलखाय पायजे."

जनाभाऊंनी चपला काढल्या, आपल्याच गाडीत बसले आणि पुन्हा चावी फिरवली. लाल दिवा लुकलुकत होता.

"वलख गो बाय," ते हळूच म्हणाले, "आपलीच हाय."