गल्लीतला डोंगर

चाळिशी उलटल्यावर हंसा सुर्वेने सायकल शिकायचं मनावर घेतलं, तेव्हा शिकवायचं काम ओघानेच तिच्या नवऱ्याच्या, आत्मारामच्या गळ्यात पडलं. लालबागची खोली सोडून दोघं मीरा रोडला बेव्हर्ली पार्कात राहायला आली होती. इथे वारा भरपूर, उजेड भरपूर, पण बाजार लांब आणि रिक्षावाले मनाचे राजे.

अडचण होती ती रेतीच्या ट्रकांची. आजूबाजूला नव्या बिल्डिंगी उठत होत्या, आणि ट्रक गल्लीतून असे सुटायचे की जणू मागे पोलीस लागलेत. आत्माराम कॅरिअर धरून धावायचा आणि ट्रक दिसला की हंसाला सोडून कुंपणाला चिकटायचा.

"मला सोडलंत तुम्ही!"

"अगं, मीच गेलो असतो तर तुला शिकवणार कोण?"

हे दुसऱ्यांदा घडलं, तेव्हा हंसाने बोलणंच बंद केलं. घरातली शांतता असह्य होऊन आत्मारामने ठरवलं, गल्लीत स्पीडब्रेकर घालायचा. सोसायटीचे सेक्रेटरी दिपेशभाई म्हणाले, "करो ना, सुर्वेभाई! आपलीच गल्ली आहे."

शेजारच्या बांधकामावर खारी गावातला नाथा गवंडी होता. त्याने विचारलं, "साहेब, गाडी दमानं जाया पायजे, का थांबायाच पायजे?"

आत्मारामच्या डोळ्यांपुढे हंसाचा चेहरा होता. "थांबायलाच पाहिजे."

"मंग काय काळजी न्हाय," नाथा म्हणाला.

आणि खरोखरच गाड्या थांबल्या. पहिली थांबली ती चौथ्या मजल्यावरच्या विमलाबाईंची रिक्षा. पुढचं चाक पलीकडे, मागची चाकं अलीकडे आणि पोट स्पीडब्रेकरवर टेकलेलं. विमलाबाई आत डुलत होत्या.

"आत्माराम, आधी मला खाली उतरव. मग तुला काय सांगायचं ते सांगते."

ते त्यांनी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून स्टेशनवरचे रिक्षावाले विचारू लागले, "वो डोंगरवाली गली? नहीं जायेगा." ट्रकवाल्यांनी दुसरा रस्ता धरला, तोवर ठीक होतं. पण मग पाण्याचा टँकर आला. ड्रायव्हरने खाली उतरून स्पीडब्रेकर नीट न्याहाळला.

"साब, टँकर है. बकरी नहीं है."

सगळ्या बिल्डिंगीला बादल्या घेऊन डोंगरापर्यंत यावं लागलं. विमलाबाईंचे गुडघे दुखत होते, म्हणून त्यांच्या बादल्या आत्मारामने चौथ्या मजल्यावर चढवल्या. प्रत्येक मजल्यावर कुणीतरी दार उघडून त्याच्याकडे नुसतं बघत होतं. संध्याकाळी दिपेशभाईंनी निकाल दिला, "सुर्वेभाई, संडे को तोड डालो."

रविवारी सकाळी नाथा पहार घेऊन आला. पाहतो तर स्पीडब्रेकरवर विमलाबाई आणि पहिल्या मजल्यावरची मिनल गवार मोडत बसलेल्या. हंसा एकटीच, कुणी न धरता, सायकलवर गोल गोल फिरत होती.

"जरा उठता का?" आत्माराम अदबीने म्हणाला. "तोडायचाय."

"कोण तोडतंय?" विमलाबाईंनी विचारलं.

"मीच. तुम्हीच तर त्या दिवशी..."

"त्या दिवशीचं त्या दिवशी! या डोंगरापायी चार दिवस चालतेय, तर गुडघे मोकळे झाले माझे. संध्याकाळी सगळ्याजणी फिरतो. तुला बघवत नाही का?"

"आणि काका, इथे बसलं ना, की स्टेशनकडून कोण येतंय ते मस्त दिसतं," मिनल म्हणाली.

"पण टँकर..."

"तोडायचा न्हाय, तर मला बोलावला कशाला?" नाथाने पहार खाली ठेवली.

शेवटी विमलाबाई उठल्या, पण कारभार हातात घेऊनच. "टँकर जाईल एवढाच खाली घे. बोटभर जास्त काढलास तर गाठ माझ्याशी आहे." नाथा फोडत गेला, त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. आत्माराम डबर उचलत होता. दुपारी टँकर डुलत, पण मुकाट्याने आत आला.

महिन्याभराने गेटपाशी दोन अनोळखी गृहस्थ आले. त्यांनी आत्मारामलाच गाठलं. "हा स्पीडब्रेकर कुणी बांधला हो?"

आत्मारामला वाटलं, हे म्युनिसिपालिटीचेच. "काय माहीत," तो घाईघाईने म्हणाला. "मी नवीन आहे इथे."

"अरेरे! आम्ही मागच्या गल्लीतले. आमच्याकडे असाच करायचाय. ज्यांनी पुढाकार घेतला, त्यांचा गणपतीत सत्कार करावा म्हणतोय."

आत्मारामने तोंड उघडलं. तेवढ्यात मागून विमलाबाईंचा आवाज आला.

"माझा कसला सत्कार करताय! सगळ्यांनी मिळून केलं," असं म्हणत त्यांनी पदर नीट केला आणि मोठ्या मनाने आत्मारामकडे हात दाखवला. "आता हेच बघा. बिचाऱ्याने डबर उचललं."

"असं का?" पाहुण्यांनी आत्मारामच्या पाठीवर थाप मारली. "वा! नवीन असून!"