अडीच वेढ्यांचा कान

मी उभं केलेलं काहीही आजवर पडलेलं नाही. प्रदर्शनातली दालनं, नाटकांचे सेट, भाषणांची व्यासपीठं, काहीही! एकदा तर एका व्यासपीठावर दोन वक्त्यांची मारामारी झाली. वक्ते पडले, व्यासपीठ हललंसुद्धा नाही. त्यामुळे विज्ञान केंद्राच्या संचालकबाईंनी विचारलं, "लोकांना आत चालत जाता येईल एवढा कान बनवाल का?" तेव्हा मी ऐटीत म्हणालो, "कानच काय, सांगाल तो अवयव उभा करतो!"

कान जमला, तर हृदय, डोळा, मेंदू, सगळं शरीर माझ्याच वर्कशॉपला मिळणार होतं. नाही जमला, तर वर्कशॉपला टाळं. कित्येक महिने तिथे करवतीपेक्षा मिस्त्रीच्या जांभयांचाच आवाज जास्त येत होता.

आता या कामावर सल्लागार म्हणून केंद्रानं कुणाला नेमावं? माझ्या मेहुण्याला! मेहुणा कानाचा डॉक्टर आहे. दिवसभर लोकांच्या कानात डोकावून त्याची अशी समजूत झाली आहे, की ऐकायचं काम जगाचं आणि बोलायचं काम त्याचं.

पहिल्याच दिवशी त्यानं सुरुवात केली. "भावोजी, याला बोगदा म्हणू नका. कॉक्लिया म्हणा. मराठीत कर्णावर्त. कानाच्या अगदी आतला भाग. आपण ऐकतो ते खरं तर तिथे."

"हे मी मिस्त्रीला कसं सांगू?"

"कॉक्लिया या शब्दाचा मूळ अर्थ गोगलगाय. तिच्या शंखासारखे अडीच वेढे असतात, म्हणून ते नाव पडलं."

"मग सरळ गोगलगाय म्हणा की!"

"गुडघ्याला वाटी असते म्हणून तुम्ही तीत चहा ओतता का?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण काम हातचं जाऊ नये म्हणून गप्प बसलो. चूक झाली. तेव्हाच भांडलो असतो, तर पुढचं टळलं असतं.

मग रोज संध्याकाळी दवाखाना आटोपला, की हे महाशय हजर! हातात पट्टी, कपाळावर आठ्या. पहिला वेढा उभा केला, रंगसुद्धा लावला, तर म्हणतात, "हा डावा कान झाला. आपल्याला उजवा हवाय."

"कुणाला कळणार आहे?"

"मला."

सगळा वेढा सोडवला आणि उलट्या दिशेनं पुन्हा ठोकला! प्रत्येक खिळ्यावर हातोडी मारताना मला कुणाचं डोकं दिसत होतं, ते सांगत नाही. नात्याचा प्रश्न आहे.

घरी बायको म्हणाली, "दादाचं जरा ऐकत जा ना. तो तुमच्या भल्याचंच सांगतो."

"ऐकतोय! उजव्या कानानं ऐकतोय! डावा त्यानं मोडायला लावला!"

"माझ्यावर ओरडू नका. दोघंही सारखेच आहात. त्याला कान कळतो, पण ऐकून घेणं कळत नाही. तुम्हाला दोन्ही कळत नाही."

अशा घरात माणसानं जेवावं कसं?

आणि मग आली ती भिंत. मेहुण्याच्या नकाशात अडीच वेढ्यांच्या बोगद्याच्या मधोमध, खालपासून वरच्या टोकापर्यंत एक पडदा होता. एका बाजूनं चढत जायचं, टोकाला एक छोटं भोक, त्यातून पलीकडे जायचं आणि दुसऱ्या बाजूनं उतरत यायचं. म्हणजे आधीच अरुंद बोगद्याचे आणखी दोन तुकडे! त्यातून माणूस जाणार की मुंगी?

त्याच आठवड्यात मेहुणा कुठल्याशा परिषदेला बाहेरगावी गेला. मी मिस्त्रीला म्हणालो, "भिंत काढून टाक."

"साहेब, डॉक्टरांनी नकाशात तिच्याखाली लाल रेघ मारलीय."

"गोगलगाईच्या शंखात भिंत असते का रे? ती ज्या दारानं आत जाते, त्याच दारानं बाहेर येते! डॉक्टरांनी तोंडानं गोगलगाय सांगितली, मी गोगलगाय देणार!"

मिस्त्रीनं खांदे उडवले. भोक पाडायचा प्रश्नच मिटला. बोगदा कसा ऐसपैस झाला! मी खूश झालो.

उद्घाटनाचा दिवस. वर चढत जाणारा, छताला टेकलेला, उजवा, चकाचक कान! आत मेहुण्यानं स्पीकर बसवून घेतले होते. तोंडाशी बारीक शिट्टीसारखा सूर, आणि टोकाकडे जावं तसा जाड होत जाणारा घुमारा. खऱ्या कानातही बारीक सूर दाराशीच पकडले जातात आणि जाड सूर टोकापर्यंत पोचतात म्हणे. फीत कापून संचालकबाई आत शिरल्या. त्यांच्या मागे शाळेचा अख्खा वर्ग, आणि वर्गामागे दाराशी उभ्या राहून "चला, चला, पुढे सरका!" म्हणणाऱ्या शिक्षिका.

तेवढ्यात मेहुणा पोचला. परिषदेतून थेट, हातात बॅग.

"बाहेर पडायची वाट कुठाय?"

"हीच."

"ही तर आत जायची आहे."

"आत जाऊन बाहेर यायची."

त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला. "भावोजी, मधला पडदा?"

"गोगलगाईला नसतो."

लग्नानंतर पहिल्यांदाच शेवटचा शब्द माझा ठरला. पण आनंद घ्यायला सवड मिळाली नाही. कानातून किंकाळी आली. जाड सुरात!

झालं होतं असं. बाई टोकाला पोचल्या. तिथे बोगदा इतका निमुळता, की त्यांना वळता येईना. मागून वर्ग चढतच होता. शिक्षिका खालून ढकलत होत्या. टूथपेस्टची ट्यूब खालून दाबावी आणि वर टोपण घट्ट असावं, तशी बाईंची अवस्था!

मी तोंडाशी वाकून ओरडलो, "मागे फिरा!"

पोरांना वाटलं, हा खेळाचाच भाग. सगळी एका सुरात ओरडली, "मागे फिराऽऽ!" आणि आणखी वर चढली.

"अरे, ते स्पीकर बंद करा!" मेहुणा किंचाळला.

"बटण कुठाय?"

"टोकाला. मीच बसवलंय."

"वा! आणि मला शिकवता!"

"भिंत असती तर लोक उतरून आले असते!"

"उजवा-डावा करण्यात वेळ घालवला नसता तर—"

"भांडण नंतर!" उद्घाटनाला आलेली माझी बायको दोघांच्या मध्ये उभी राहिली. "त्या बाई आत गुदमरतायत! मिस्त्री, करवत आणा!"

मिस्त्री शिडी लावून टोकापर्यंत चढला, प्लायवर टकटक करून म्हणाला, "बाई, डोकं बाजूला घ्या." करवत चालेना. मी उभं केलेलं पडत नाही, तसं ते कापलंही जात नाही! शेवटी मी स्वतः चढलो. अंगातला सगळा राग, डाव्या कानापासूनचा, त्या करवतीत ओतला. गोल तुकडा निखळला. आतून भुश्शानं पांढरं झालेलं एक डोकं बाहेर आलं. त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तिच्यात वर्कशॉपला टाळं लागल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

बाई शिडीवरून उतरल्या. मागोमाग सगळी पोरं, हसत, ओरडत, एकेक करून. खाली आलेली पुन्हा तोंडाशी धावली. "परत! परत!"

मेहुण्यानं नकाशा उलगडला, पट्टी काढली, भोक मोजलं. "भावोजी, अगदी इथेच होतं. आणि इथून खाली यायला दुसरी बाजू. शास्त्रात तिला जिनाच म्हणतात."

मी शिडीकडे पाहिलं. 

संचालकबाई केसांतला भुसा झटकत पोरांची रांग बघत होत्या. "उरलेलं शरीरही तुम्हीच कराल," त्या दात आवळून म्हणाल्या. "पण प्रत्येक भिंत हे डॉक्टर मोजतील. रोज."

ही शिक्षा की बक्षीस, ते मला अजून कळलेलं नाही. फक्त एक अट मी घातली. पुढचा अवयव असा हवा, ज्याला आत जायला एक दार आणि बाहेर पडायला दुसरं, हे निसर्गानंच ठरवून दिलेलं आहे.

"मग अन्नमार्ग घ्या," मेहुणा लगेच म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा आमचं एकमत झालं.

काम पूर्ण झालंय. मोजमाप अचूक, दोन्ही दारं जागच्या जागी. फक्त उद्घाटनाला आत कोण जाणार, हे ठरत नाहीये. आत जायला सगळेच तयार आहेत हो! पण फोटोवाला पलीकडच्या दाराशी उभा राहणार, हे कळलं की माघार घेतात.