पुठ्ठा लावून पाहिलेले पिक्चर

आमचे शेजारी नाना परदेशी सिनेमा पाहायला बसले की आधी टीव्हीच्या खालच्या कडेला पुठ्ठ्याची एक लांब पट्टी चिकटवतात. खाली इंग्रजीत संवाद उमटतात ना, ते दिसू नयेत म्हणून. नानांना इंग्रजी येत नाही असं नाही. सरकारी नोकरीत जन्मभर इंग्रजी फायली वाचल्या आहेत त्यांनी. पण म्हणतात, "कसाले वाचानं, सर? तोंडवर बठ्ठं लिखेल शे." म्हणजे, वाचायचं कशाला, सगळं चेहऱ्यावरच लिहिलेलं असतं.

नाना मूळचे साक्रीकडचे, निवृत्तीनंतर देवपुरात आमच्या गल्लीत आले. टीव्हीवर सिनेमे दोन दिवसांच्या भाड्याने मिळतात, हे त्यांना कुणीतरी दाखवलं. तेव्हापासून प्लेटभर कचोरीपेक्षा महाग सिनेमा घ्यायचा नाही आणि ओळखीचा नट असलेला तर मुळीच नाही, हा त्यांचा नेम. त्यामुळे कुठकुठल्या डोंगराळ देशांतले, कुणी नाव न ऐकलेले सिनेमे नानांच्या घरी येतात. आणि दर रविवारी सकाळी ओट्यावर चहा पिता पिता नाना ते गल्लीला सांगतात.

माझं दुखणं इथे सुरू होतं. मी कॉलेजात इंग्रजीचा प्राध्यापक. जागतिक सिनेमावर मी व्याख्यान दिलं तेव्हा तीन श्रोते होते, त्यातला एक प्रोजेक्टर बंद करायला थांबलेला. आणि नानांच्या ओट्यावर बसायला जागा मिळत नाही.

त्या रविवारी नाना एका म्हाताऱ्या मेंढपाळाची गोष्ट सांगत होते. आई गेल्यापासून बहीण-भावात अबोला. बरीच वर्षं. एक दिवस बहीण डोंगर चढून येते. भाऊ बघत नाही. ती त्याच्या मेंढ्यांना एकेक करून जवळ घेते. "आणि जाता जाता," नाना म्हणाले, "भाऊच्या कपाळावर हात ठेवते. बस. बोलत कोणीच नाही." मेडिकलवाले शांतिलालभाऊ रुमालात तोंड घालून रडले. माझ्या व्याख्यानाच्या वेळी त्यांना दुकानात काम होतं.

घरी जाऊन मी तोच सिनेमा भाड्याने घेतला. संवाद वाचत पाहिला, दोनदा. पुढच्या रविवारी सगळे जमल्यावर मी म्हणालो, "नाना, ती बहीण नाही. गुरांची डॉक्टर आहे. मेंढ्यांना लस टोचायला आलीय. आणि म्हाताऱ्याला ताप आहे का, ते बघते."

लोक पोट धरून हसले. नाना हसले नाहीत. "तुम्ही वाचलं का, सर?"

"दोनदा."

"मंग तसंच व्हई," म्हणाले, आणि कप घेऊन आत गेले.

पुढचे दोन रविवार नाना ओट्यावर आले नाहीत. मी माझे सिनेमे सांगितले, सगळे संवाद अचूक. शांतिलालभाऊ मोबाइल बघत राहिले. तिसऱ्या रविवारी मीच नानांच्या घरी गेलो.

टीव्ही बंद होता. खिडकीशी खुर्चीत त्यांच्या पत्नी, अक्का, बसलेल्या. दोन वर्षांपूर्वी झटका आला तेव्हापासून त्यांची वाचा गेली आहे आणि हात चालत नाहीत, हे मला ठाऊक होतं. पण आत जाऊन मी कधी बसलो नव्हतो. नाना मला स्वयंपाकघरात घेऊन गेले. चहा उकळता उकळता हळू आवाजात बोलले.

"पिक्चर चुकला त्याचं काही नाही, सर. पण हिला बोलता येत नाही, लिहिता येत नाही. मी तोंडाकडे बघून ओळखतो. पाणी हवं, उशी टोचते, माहेरची आठवण येते. नजर पक्की व्हावी म्हणून ते पिक्चर बघायचो. आपल्याला आधी काहीच ठाऊक नसलेले. वाटायचं, जमतंय." त्यांनी गॅस बंद केला. "आणि तुम्ही म्हणता, ती डॉक्टर होती. मंग हिचंबी मी बठ्ठं चुकीचंच समजस का?"

मी कप पुढे केले.

आम्ही बाहेरच्या खोलीत अक्कांजवळ येऊन बसलो. नानांनी अक्कांना चमच्याने चहा पाजला. मीही घोट घेतला. अक्कांनी नानांकडे पाहिलं. मला त्या चेहऱ्यावर काहीच फरक दिसला नाही.

"साखर टाकायची राहिली म्हणते," नाना चाचरत म्हणाले. त्यांचा कप अजून तसाच भरलेला होता. मग माझ्याकडे वळले. "हो का, सर?"

"नाहीच आहे, नाना. अजिबात नाही."

नाना उठले आणि भराभर जाऊन साखरेचा डबा घेऊन आले. अक्कांच्या ओठाचा एक कोपरा जरासा हलला. मला वाटलं, हसल्या.

तरी मी नानांना विचारून घेतलं.